जुने चालो न चालो, वाचता आले पाहिजे

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून हिंगोली जिल्ह्यातल्या शाळांत या विषयावर बोलण्याचा योग आम्हांला अधूनमधून येतो. अशाच एका भेटीत, भाषण आटोपून चहा चालू असताना, विज्ञानाच्या एका ज्येष्ठ शिक्षकांनी आम्हांला शाळेच्या संगणकासमोर नेऊन बसवले. म्हणाले, "सर, गुरुत्वीय लहरी राहू द्या. आधी एवढे वाचून दाखवा."

पडद्यावर रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी होती. मध्येमध्ये आकडे होते. ही नोंद ८ जून २००४ ची, शुक्राच्या अधिक्रमणाची. त्या दिवशी शुक्राचा काळा ठिपका सुमारे सहा तास सूर्यबिंबावरून सरकत गेला. उन्हाळ्याची सुटी असूनही मुले शाळेत आली होती. दुर्बिणीतून कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून त्यांनी दर थोड्या वेळाने शुक्राची जागा आणि वेळ लिहून ठेवली होती. नंतर सरांनी गावातल्या डीटीपी केंद्रातून ते सारे मराठीत टाइप करून घेतले आणि वेबपानाच्या रूपात जपून ठेवले.

डीटीपी केंद्रातला फाँट शाळेकडे नव्हता. पण ब्राउझरला जोडायचे एक छोटे ॲड-ऑन कुणा स्वयंसेवकाने फुकट उपलब्ध करून दिले होते. ते त्या फाँटातला मजकूर सरळ वाचता येईल असा करून दाखवी. बरीच वर्षे काम भागले. मग शाळेत नवा संगणक आला, त्याबरोबर नवा ब्राउझर आला, आणि त्या ब्राउझरने जुने ॲड-ऑन स्वीकारायला नकार दिला. आता वेळांचे आकडे तेवढे दिसत होते. कोणता आकडा कशाचा, हे सांगणारे शब्द गेले होते. २०१२ चे अधिक्रमणही होऊन गेले. यापुढचे डिसेंबर २११७ मध्ये आहे. म्हणजे ही नोंद पुन्हा करावी म्हटले, तरी आपल्यापैकी कुणाला ते शक्य नाही.

"यात चूक कोणाची? नवे करणाऱ्यांची, की जुने धरून बसलेल्या आमची?" असे सरांनी विचारले. तेव्हा आम्ही गुळमुळीत उत्तर दिले. नीट उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे. पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते; शाळेत रोज वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलींची मात्र फारशी होत नाही. म्हणून स्वयंसेवकांच्या आधारावर उभ्या राहिलेल्या तीन कामांची येथे थोडी झडती घेऊ.

अक्षर आणि आकडा

आधी हा मजकूर बिघडला कसा, ते पाहू. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हे आधी ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी असा ठराव 'इस्की' या नावाने झाला आणि १९९१ मध्ये तो भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाला. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरच आधारलेली आहे.

परंतु छपाईच्या धंद्याला थांबायला वेळ नव्हता. फाँट बनवणाऱ्या प्रत्येकाने आपापली वाट काढली. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या आकड्यांच्या जागी त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे काना, कुठे अर्धा 'क', कुठे रफार. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने मजकूर रोमनच. डोळ्यांना मराठी दिसे ते केवळ त्या फाँटाच्या मुखवट्यामुळे. मुखवटा निघाला की खालची खिचडी उघडी पडते. अनेक फाँटांत देवनागरी अंक रोमन अंकांच्याच जागी बसवलेले होते. म्हणून सरांच्या पानावर आकडे वाचले आणि शब्द बुडाले.

पहिले काम: ब्राउझरची ॲड-ऑन

ॲड-ऑन म्हणजे मूळ आज्ञावलीला बाहेरून जोडलेली छोटी आज्ञावली. ट्रॅक्टर एकाचा आणि त्यामागे जोडायचे अवजार गावातल्या लोहाराने घडवलेले, तसा हा प्रकार. अवजार उत्तम असले तरी ट्रॅक्टरवाल्याने जोडणीची कडी बदलली की ते कोपऱ्यात पडते.

या बाबतीत सर्वांत गाजलेले उदाहरण फायरफॉक्स या ब्राउझरचे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली. कुणीही त्याला काहीही जोडावे, हे त्याचे मोठे आकर्षण होते. जगभरच्या हौशी मंडळींनी हजारो ॲड-ऑन लिहिली. भारतीय भाषांसाठी 'पद्म' हे असेच एक. तेलुगू, तमीळ, मल्याळम, देवनागरी अशा लिप्यांतला, निरनिराळ्या खासगी फाँटांत अडकलेला मजकूर ते युनिकोडमध्ये आणून दाखवी. त्या काळी अनेक वृत्तपत्रांची संकेतस्थळे एका विशिष्ट ब्राउझरखेरीज नीट दिसतच नसत. तेव्हा अशा ॲड-ऑनचे मोल किती होते, हे ज्यांनी ती वापरली त्यांना ठाऊक आहे.

या रचनेत एक दोष मात्र पहिल्यापासून होता. ॲड-ऑनने ब्राउझरच्या कोणत्या भागाला हात लावावा आणि कोणत्या नाही, याची सीमाच आखलेली नव्हती. ते थेट आतल्या यंत्रणेत हात घालू शके. त्यामुळे आत काहीही बदलले की कुठले तरी ॲड-ऑन मोडणार, हे ठरलेलेच. २०११ मध्ये फायरफॉक्सने दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढायला सुरुवात केली, तेव्हा हा त्रास वाढला. आपले ॲड-ऑन नव्या आवृत्तीत चालते, एवढे जाहीर करण्यासाठीही लेखकाला पुनःपुन्हा कामाला बसावे लागे. जानेवारी २०१२ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही अट सैल झाली, पण मूळ दुखणे तसेच राहिले.

शेवटी १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या ५७ व्या आवृत्तीने जुन्या पद्धतीची ॲड-ऑन बंदच केली. 'पद्म' ज्या पद्धतीने बांधलेले होते, ती हीच जुनी पद्धत. बंद करण्यामागची कारणे खोटी नव्हती. ब्राउझरचे काम अनेक स्वतंत्र प्रक्रियांत वाटून तो वेगवान करायचा होता, आणि कुठेही हात घालणारी ॲड-ऑन त्याच्या आड येत होती. सुरक्षिततेचा प्रश्नही खरा होता: जे ॲड-ऑन सगळीकडे पोहोचते, ते दुष्ट हेतूनेही पोहोचू शकते. सूचना ऑगस्ट २०१५ मध्ये, म्हणजे दोन वर्षांहून अधिक आधी दिली होती. बदल करू नये, असे आम्ही म्हणणार नाही.

आमची टीका वेगळी आहे. दोन वर्षांची सूचना सर्वांना सारखीच लागू पडते, हे मानणे चुकीचे होते. 'झोटेरो' हे संशोधकांचे संदर्भ जपणारे साधन आधी फायरफॉक्सचे ॲड-ऑन होते. त्यामागे विद्यापीठाचा आधार आणि पगारी माणसे होती. २०१७ मध्येच ते स्वतंत्र आज्ञावली बनून सुखरूप बाहेर पडले. ज्या ॲड-ऑनमागे नोकरी सांभाळून रात्री काम करणारा एकच माणूस होता, त्याला तेच ॲड-ऑन पुन्हा पहिल्यापासून लिहायचे होते. त्याची उमेद संपली असेल, तर त्याला दोष कसा देणार? मोठ्या भाषांच्या लोकप्रिय ॲड-ऑनना दुसरा कुणी वाली मिळतो. लहान भाषेतले, थोड्यांच्या उपयोगाचे ॲड-ऑन निमूटपणे नाहीसे होते.

आणि या लेखकांच्याही पदरी एक चूक टाकावी लागेल. त्याच सुमारास हिंदीतल्या काही स्वयंसेवकांनी जुन्या फाँटांचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरके लिहिली. ती साध्या वेबपानात, साध्या जावास्क्रिप्टमध्ये होती. एका चौकटीत जुना मजकूर टाकायचा, दुसऱ्या चौकटीतून नवा घ्यायचा. ॲड-ऑनइतकी सोय त्यात नाही. पण साध्या वेबपानासाठी लिहिलेले जुने काम मोडू नये, याबद्दल सर्वच ब्राउझर अतिशय दक्ष असतात. म्हणून त्या बेताच्या रूपांतरकांचे आयुष्य देखण्या ॲड-ऑनपेक्षा जास्त ठरले.

दुसरे काम: शब्दकोशाच्या दोन फायली

आता याच्या उलट उदाहरण घेऊ. मराठी टाइप करताना चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ येते, त्यामागे पुष्कळदा 'हनस्पेल' ही आज्ञावली असते. तिचे कर्ते लास्लो नेमेथ हे हंगेरीचे. त्याआधी ओपनऑफिसमध्ये 'मायस्पेल' नावाची आज्ञावली होती. तिच्यात एका अक्षराला एकच बाइट मिळे, त्यामुळे युनिकोडमधली मराठी तिच्यात थेट मावत नव्हती. शिवाय शब्दाचा एकच प्रत्यय तिला सोडवता येई.

हंगेरी भाषा आपल्यासारखीच प्रत्ययाला प्रत्यय जोडत जाणारी. मराठीत 'शाळा' या शब्दाचा 'आ'कार काढून 'शाळे' हे सामान्यरूप होते, मग 'शाळेत', आणि त्यावर पुन्हा 'शाळेतला'. असे प्रत्येक रूप यादीत लिहायचे म्हटले तर यादी संपणार नाही. नेमेथ यांनी युनिकोडची सोय केली आणि दोन थरांचे प्रत्यय सोडवण्याचीही सोय केली. हे करताना त्यांनी एक पथ्य पाळले: मायस्पेलसाठी लोकांनी बनवलेले जुने शब्दकोश हनस्पेललाही वाचता आले पाहिजेत.

हे साधले कसे? शब्दकोश म्हणजे साध्या मजकुराच्या दोन फायली. एकीत शब्दांची यादी, दुसरीत प्रत्ययांचे नियम. आज्ञावली आणि शब्दकोश यांच्यातली सीमा एवढीच. नवी सोय हवी असेल तर नियमांच्या फायलीत नवी ओळ लिहायची. ज्याला ती नको त्याने लिहू नये, त्याचे काही बिघडत नाही. २००६ मध्ये ओपनऑफिसने हनस्पेल घेतले, २००८ मध्ये फायरफॉक्सने. २०१७ मध्ये फायरफॉक्सची जुनी ॲड-ऑन मोडली, तरी शब्दकोशाच्या या दोन फायलींचा घाट टिकून राहिला. त्यांचे वेष्टन बदलले, आतला माल तोच. आपल्या मराठी शब्दकोशांसाठी ज्या स्वयंसेवकांनी शब्द वेचले, त्यांची मेहनत त्यामुळे वाया गेली नाही.

यात लबाडी नाही आणि जादूही नाही. वचन लहान दिले आणि ते पाळले, इतकेच.

तिसरे काम: दर्या आणि दऱ्या

जुने सांभाळण्याची किंमत काहीच पडत नाही, असा समज मात्र होऊ नये. त्यासाठी मराठीचेच एक उदाहरण पाहू.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. फरक केवळ 'र'च्या रूपाचा. युनिकोडमध्ये दुसऱ्या शब्दातला तो आडवा 'र' साठवण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत इस्कीला धरून चालणारी: खाली टिंब असलेला 'र', मग हलन्त. दुसरी रीत साधा 'र', मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह. दुसरी रीत १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीतली. पुढे पहिली रीत नियम म्हणून आली, पण आधीच लिहिलेला मजकूर बिघडू नये म्हणून दुसरीही कायम ठेवली.

युनिकोडच्या या सोवळेपणाला कारण आहे. त्याच १९९६ च्या आवृत्तीत कोरियन अक्षरांच्या जागा बदलल्या गेल्या आणि आधीचा कोरियन मजकूर चुकीचा ठरला. त्या अनुभवानंतर ठराव झाला, की एकदा जागा दिलेले अक्षर पुन्हा हलवायचे नाही आणि काढायचेही नाही. तो ठराव आजवर पाळला गेला आहे.

याची किंमत वर्गात दाखवता येते. एका विद्यार्थ्याला संगणकावर आणि दुसऱ्याला मोबाइलवर 'दऱ्या' लिहायला सांगा. दोघांचे कळफलक वेगळ्या रीतीचे असतील, तर कागदावर दोन्ही शब्द तंतोतंत सारखे दिसतील, पण एक शोधायला दिल्यावर अनेकदा दुसरा सापडणार नाही. लाल रेघसुद्धा एकाखाली येईल, दुसऱ्याखाली येणार नाही. म्हणजे जुने राखले की घरात एकाच वस्तूच्या दोन जागा होतात आणि शोधणारा गोंधळतो.

यावर इलाजही आहे, आणि तो हनस्पेलमध्येच सापडतो. नियमांच्या फायलीत एक रूपांतराचा तक्ता देता येतो: आत येणारे अमुक रूप दिसले की ते तमुक समजावे. दोन ओळी लिहिल्या की दोन्ही 'दऱ्या' एक होतात. स्वीकारताना दोन्ही रूपे स्वीकारायची, स्वतः लिहिताना एकच लिहायचे, हे या तक्त्यामागचे सूत्र.

मोडीचा धडा

वाचता न येण्याचे दुःख मराठी माणसाला नवे नाही. मोडी लिपी हाताने भरभर लिहिण्यासाठी सोयीची, बाळबोध छपाईसाठी सोयीची. छपाईचे युग आले आणि विसाव्या शतकात शाळांतून मोडी गेली. हा निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. मुलांवरचे ओझे कमी झाले. पण पुण्याच्या पेशवे दफ्तरातले प्रचंड कागद मोडीतच राहिले आणि वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. मराठवाड्यात तर २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातले दस्त वाचायला मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी जो कागद कुणीही कारकून वाचत असे, त्यासाठी आज तज्ज्ञ लागतो.

मोडी लिहिणे थांबले म्हणून फारसे नुकसान झाले नाही. मोडी वाचणे थांबले, त्याने झाले.

आमचे मत

म्हणून सरांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. चालवणे आणि वाचणे या दोन गोष्टी वेगळ्या मानाव्यात. जुनी आज्ञावली कायम चालत राहावी, हा आग्रह स्वयंसेवकाला मारून टाकणारा आहे. पाच जुन्या आवृत्त्या आणि तीन प्रकारचे संगणक सांभाळायचे म्हटले, तर प्रत्येक बदल पंधरा ठिकाणी तपासावा लागेल; फुकट काम करणाऱ्याने नवे काही करायचे तरी केव्हा? त्याने जुने चालवणे सोडले तर तक्रार करू नये. परंतु जुन्याने लिहून ठेवलेले नव्याला वाचता आले पाहिजे. निदान ते बाहेर काढण्याची एक वाट, तीही जुने दार बंद होण्यापूर्वी, तयार असली पाहिजे. ही जबाबदारी बदल करणाऱ्याची आहे. केवळ तारीख जाहीर करून ती संपत नाही.

या कसोटीवर फायरफॉक्सचा २०१७ चा बदल अर्धा उत्तीर्ण होतो: आज्ञावली म्हणून योग्य, पण 'पद्म'सारख्या ॲड-ऑनमधून जे वाचन चालले होते, त्याची सोय न लावता केलेला. हनस्पेल पूर्ण उत्तीर्ण. युनिकोड उत्तीर्ण, मात्र 'एकच रूप लिहा' हा आग्रह कळफलक बनवणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्यात कमी पडलेले.

शिक्षकांनी काय करावे? शाळेसाठी फुकटचे कोणतेही साधन घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. यात केलेले काम साध्या, उघड्या रूपात बाहेर काढता येते का? साधन उद्या बंद पडले तर दुसऱ्या कशाने ते वाचता येईल का? आणि त्याचा मूळ मजकूर इतरांना खुला आहे का, म्हणजे पहिला स्वयंसेवक थकला तर दुसरा ते पुढे नेऊ शकेल का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर साधन कितीही आकर्षक असो, वर्षभराच्या नोंदी त्याच्या हवाली करू नयेत. आणि जुन्या फाँटांतले जे काही कपाटात, सीडीवर, पेनड्राइव्हवर पडून आहे, ते याच वर्षी युनिकोडमध्ये आणून ठेवावे. ही रूपांतरकेही कायमची राहतील, असे कुणी वचन दिलेले नाही.

सरांच्या पानाचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. वेबपान हा साधा मजकूर असतो. त्याचा मूळ मजकूर उघडून पाहिला, तर फाँटाचे नाव त्यात लिहिलेले सापडले. त्या नावाचे एक साधे रूपांतरक मिळाले. त्यातून बाहेर आलेल्या मजकुरात रफार भलत्या अक्षरावर गेले होते, काही जोडाक्षरे फुटली होती. ती सरांनी दोन संध्याकाळ बसून सुधारली आणि आम्हांला पाठवली.

एका वेळेच्या आकड्यापुढे एका मुलीने लिहिले होते, की शुक्र आत आला तरी सूर्याच्या कडेला थेंबासारखा चिकटून राहिलेला दिसतो आहे, म्हणून नक्की वेळ सांगता येत नाही. १७६१ आणि १७६९ च्या अधिक्रमणांत खगोलशास्त्रज्ञांना याच थेंबाने सतावले होते आणि पृथ्वी-सूर्य अंतराच्या मापनात त्यामुळे खोट राहिली होती. त्या मुलीला हे कुणी शिकवलेले नव्हते. तिने जे पाहिले ते लिहिले. आकडा एकटाच उरला असता, तर त्या नोंदीतले विज्ञान गेलेच होते.